पहिला मान्सून ट्रेक आणि कपाटातले नवेकोरे जुने बूट: चालतील का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की जुलैमधे पहिल्यांदा सह्याद्रीत ट्रेकला जायचंय, पुण्यात राहता, बजेट साधारण ८ हजार, आणि भावाने चार वर्षांपूर्वी हिमालयासाठी घेतलेले महागडे वॉटरप्रूफ बूट एकदाच वापरून बॉक्समधे पडलेत, मापही बरोबर बसतंय, तर तेच घालावेत की नवे घ्यावेत, आणि बाकी सामान काय लागेल.

बुटांचं आधी सांगते कारण बाकी सगळं नंतर जमवता येतं. ते बूट थेट ट्रेकला घालू नका. मी डोंबिवलीची, गेली बारा-तेरा वर्षं डोंगरात फिरतेय, आणि नेमकी हीच गोष्ट माझ्या पायावर घडून गेलीय म्हणून इतकं ठामपणे लिहितेय.

लॉकडाऊनच्या आधी मी एक चांगली भारी जोडी घेतली होती, दोनदा घातली आणि मग सगळंच बंद पडलं, बूट बॉक्समधे घालून माळ्यावर गेले. जवळजवळ तीन वर्षांनी जानेवारीत आम्ही चौघांनी तोरणा ते राजगड करायचं ठरवलं तेव्हा ते काढले, तर इतके नवे दिसत होते की मनात शंकासुद्धा आली नाही. वेल्ह्यातून पहाटे चढायला लागलो, बिनी दरवाजा, मेंगाई देवीचं देऊळ, बुधला माची, सगळं नीट. माचीवरून खाली उतरून राजगडाकडच्या सोंडेवर आलो आणि डावा पाय टाकला की काहीतरी मऊ मऊ लागायला लागलं, मला वाटलं शेण लागलंय खाली. बघते तर तळव्याचं रबर टाचेकडून सुटून लोंबतंय, आणि वरचा बूट आणि खालचं रबर यांच्या मधे जो फोमचा थर असतो ना, तो बोट लावलं की भुगा होऊन पडत होता, चहात जास्त वेळ राहिलेल्या बिस्किटासारखा. अर्ध्या तासात उजव्याचंही तेच.

त्या सोंडेवर ना रस्ता ना दुकान. आम्ही लेस काढून बांधायचा प्रयत्न करत होतो तेवढ्यात गुरं घेऊन एक मामा आले, थांबले, बघितलं आणि म्हणाले, "बूट गेला की गं पोरी." खांद्यावर गवताचा भारा बांधायची दोरी होती, त्यातलाच एक तुकडा विळ्याने कापला आणि स्वतः खाली बसून माझा बूट बांधून दिला. टाचेखालून घेऊन घोट्याला आठच्या आकड्यासारखा वेढा, पुन्हा चवड्याखालून वर, आणि गाठ बुटाच्या वरच्या बाजूला. "गाठ खाली ठेवलीस तर दगडावर घासून तुटंल," एवढं सांगून गेले. पैसे घ्या म्हटलं तर घेतले नाहीत. त्यांच्या पायात साधे काळे रबरी बूट होते आणि त्याच घसाऱ्यावरून ते गुरांमागे भराभर निघून गेले. ती गाठ मी आजही तशीच बांधते, आणि सॅकमधे दोन-तीन मीटर नायलॉन दोरी कायम असते. आम्ही मधल्या डांबरी रस्त्यापर्यंत कसंबसं आलो आणि राजगड सोडून तिथूनच परत फिरलो.

नंतर हे का झालं ते नीट समजून घेतलं. बऱ्याच भारी बुटांमधे तो मधला थर पॉलीयुरेथेनचा असतो, दुकानदार पीयू म्हणतात. हवेतली ओल त्या फोममधे शिरून त्याला आतून हळूहळू तोडत जाते, आणि बूट वापरात असले तर उलट ते जास्त टिकतात, कारण चालताना फोम दाबला जाऊन मोकळा होत राहतो, बॉक्समधे बंद पडून राहिले की ओल आतच बसते. मुंबई-कोकणातली हवा तर यासाठी फारच वाईट, आणि पुण्यातले पावसाळेही काही कमी नाहीत. वरचं लेदर छान, खालचं रबर छान, त्यामुळे बाहेरून कळतच नाही. स्वस्तातल्या बऱ्याच बुटांमधे ईव्हीए नावाचा वेगळा फोम असतो, त्याला हा रोग होत नाही, तो फक्त वापरून वापरून चपटा होतो. म्हणजे किंमत जास्त म्हणून हा धोका कमी असं अजिबात नाही.

तरी भावाचे बूट लगेच टाकून देऊ नका. त्या मधल्या थरावर अंगठ्याचं नख दाबून बघा, खूण तशीच राहिली किंवा पावडर आली तर संपलं. बूट चवड्यातून जोरात वाकवा आणि बारीक भेगा दिसतात का बघा. यातून पास झाले तर आठवडाभर सोसायटीच्या जिन्यावर चढउतार करा. नुसता गोंद सुटला असेल तर बूट शिवणाऱ्या काकांकडून सोलला सगळीकडून शिलाई मारून मिळते, मी तर नवी जोडी घेतली की पहिल्या आठवड्यातच मारून घेते, पण फोमच कुजला असेल तर शिलाईचा काही उपयोग नाही कारण दोरा धरणार कशाला?

आणि समजा ते धडधाकट निघाले तरी जुलैमधल्या सह्याद्रीसाठी ते माझ्या मते चुकीचेच आहेत. वॉटरप्रूफ बूट बर्फात, थंड प्रदेशात कामाचे. आपल्याकडे पावसाळ्यात पाणी बाहेरून झिरपून येत नाही, ते वरून येतं, पँटवरून ओघळत, मोज्यातून, आणि गुडघाभर ओढा ओलांडला की एकदम भरतं. आत आलेलं पाणी मग त्याच वॉटरप्रूफ कापडामुळे बाहेर जात नाही, दिवसभर पाय पाण्यात शिजतो, कातडी पांढरी पडते, सुरकुतते आणि मग सोलून निघते. त्यापेक्षा जाळीचे हलके बूट घ्या, चार पावलं चाललात की पाणी आपोआप निघून जातं. पाय ओले होणारच हे एकदा मान्य केलं की निवड सोपी होते.

ग्रिप बघायची म्हणजे काय तर खालचं रबर नखाने दाबल्यावर जरासं दबलं पाहिजे, अगदी प्लॅस्टिकसारखं टणक असेल तर ओल्या काळ्या दगडावर ते काचेवर चालल्यासारखं घसरतं. खाचा खोल आणि एकमेकींपासून लांब हव्यात, म्हणजे चिखल अडकून बसत नाही. सह्याद्रीत वर्षानुवर्षं लोक अ‍ॅक्शनचे ट्रेकिंग शूज घालतात, डेकॅथलॉनमधे मिळणारे केच्वाचेही बरेच जण वापरतात, दोन्हीत तुमच्या बजेटमधे नीट बसणारं काहीतरी मिळेल, दोन-अडीच हजारांच्या वर जायची खरंच गरज नाही. पण एक सांगते, हिरवट-काळं शेवाळ आलेल्या कातळावर कुठलाच बूट धरत नाही, कितीही हजारांचा असो. तिथे पाय गवतात किंवा खडबडीत जागी टाकायचा, पाऊल छोटं, गुडघे जरा वाकलेले, आणि लाज न बाळगता बसून उतरायचं.

खरेदीला संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडे सुजतात आणि ट्रेकलाही सुजणारच आहेत. जे मोजे घालणार तेच घालून बघा, लेस न बांधता पाय पूर्ण पुढे सरकवला तर टाचेमागे एक बोट जायला हवं. आणि दुकानात उतारावर उभं राहून बघा, अंगठा पुढे टेकत असेल तर ती जोडी नको, चढताना काही वाटत नाही पण उतरताना दोन तास नखं पुढे आपटत राहतात आणि आठवड्याने काळी पडून निघून येतात. आदल्या दिवशी नखं कापणं हे मी सामानाच्या यादीतच धरते.

आता बाकीचं, यात फार खर्च नाही. जीन्स नको, भिजली की जड होते आणि गुडघ्याला धरते. ड्रायफिट टीशर्ट आणि पटकन वाळणारी ट्रॅकपँट जी घरात असेल ती. रेनकोट की पोंचो यावर लोक तासन्‌तास वाद घालतात, पण चढताना रेनकोटच्या आत घामाने माणूस तितकाच भिजतो, आणि माथ्यावर वारा असला की पोंचो डोक्यावर उडतो. मी हलकं विंडचीटरसारखं जॅकेट घालते, भिजते, आणि सगळा भरवसा कोरड्या कपड्यांवर ठेवते. एक टीशर्ट, एक पँट, मोजे, आतले कपडे, छोटा टॉवेल, हे जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून सॅकच्या तळाशी. सॅकच्या आतही आधी एक मोठी कचऱ्याची काळी पिशवी घाला आणि मग सामान भरा, बाहेरून घालायच्या रेनकव्हरपेक्षा हे जास्त खात्रीचं, कारण कव्हरच्या आत पाठीकडून पाणी येतंच. कोरडे कपडे ही चैन वाटते पण भिजलेल्या अंगाने वाऱ्यात अर्धा तास बसलात तर भर जुलैतही दात वाजायला लागतात, आणि कुडकुडणारा माणूस उतरताना पाय नीट टाकत नाही.

सॅक २५-३० लिटरची पुरे, ऑफिसची लॅपटॉपची बॅगही पहिल्या दोन-तीन ट्रेकला चालते, फक्त छातीला पट्टा असला तर बरं. पाणी दोन लिटर, पावसात तहान कळत नाही तरी प्यायचं. ओआरएसची दोन पाकिटं ठेवा, नसतील तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा छोटा चहाचा आणि सपाट. खायला गूळ-शेंगदाणे, खजूर, घरची पोळी-चटणी. शिट्टी, क्रेप बँडेज, तुमची नेहमीची औषधं, झिपवाल्या पिशवीत मोबाईल.

आणि हेडलॅम्प, म्हणजे कपाळावर बांधायची बॅटरी, हा मात्र पैसे देऊन घ्या, दिवसाचा ट्रेक असला तरी. ढग उतरले आणि ग्रुपमधल्या एकाचा पाय मुरगळला की दोनाची वेळ सहावर जाते, आणि झाडीत सहालाच अंधार पडतो. मोबाईलच्या टॉर्चमधे एक हात अडकतो, आणि ओल्या कातळावर उतरताना दोन्ही हात मोकळे हवेत. बूट, हेडलॅम्प, दोन जोड मोजे आणि कपडे मिळून साडेचार-पाच हजारांत सगळं बसेल, उरलेले ठेवून द्या, तंबू, स्लीपिंग बॅग यातलं काहीही आत्ता घेऊ नका, आवड टिकली तर कळेलच काय हवंय ते.

सामानापेक्षा तयारी जास्त महत्त्वाची आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत. अजून पाच-सहा आठवडे असतील तर आठवड्यातून तीनदा जिने चढा, पहिल्या आठवड्यात दहा मजले, मग वीस, मग पाठीवर चार-पाच किलो घेऊन, आणि खाली लिफ्टने येऊ नका, कारण गुडघे आणि मांड्या दुखतात त्या उतरताना.

ओढ्यांबद्दल मात्र शब्द न शब्द ऐका. पाऊस तुमच्या डोक्यावर नसेल आणि वर माथ्यावर पडत असेल तरी लोंढा येतो, आणि काही मिनिटांत येतो. पाणी अचानक गढूळ झालं, काड्या-पानं वाहून यायला लागली, आवाज बदलला की लगेच बाहेर आणि वर. गुडघ्याच्या वर जोरात वाहणारं पाणी ओलांडायचं नाही, थांबायचं, पाऊस कमी झाला की आपल्याकडचे ओढे उतरतातही लवकर. उशीर झाला तरी चालेल. आणि निघायच्या आधी घरी कळवून ठेवा कुठे जाताय आणि कुठल्या वाटेने. काही झालंच तर ११२ लावा, लोणावळ्याकडे शिवदुर्ग मित्र या बचाव पथकाची मुलं रात्री-अपरात्री स्वतःची कामं टाकून लोकांना खाली आणतात, त्यांच्यावर ती वेळ आपल्यामुळे येऊ नये असं मला मनापासून वाटतं.

कुठे जायचं ते तुम्ही विचारलं नाहीये पण रील बघून हरिहरच्या पायऱ्या, कलावंतीण किंवा हरिश्चंद्रगडाची नळीची वाट असलं अवघड काही पहिल्याच पावसात नको, आणि सांदण तर मुळीच नको, ती दरी म्हणजे पावसाळ्यात पाण्याचीच वाट आहे. तुम्ही पुण्यात आहात तर सरळ लोहगड करा, शनिवार-रविवार सोडून, कारण तेव्हा पायऱ्यांवर उभं राहायलाही जागा नसते. पहाटेची लोणावळा लोकल पकडा, मळवलीला उतरा, भाजे गावातून चालत गायमुख खिंड, तिथून लोहगडवाडी आणि मग गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे ओलांडत वर. वाट ठळक आहे, नंतर पायऱ्या आहेत, चुकायची भीती जवळजवळ नाही, आणि नवे बूट तपासायला डांबर, चिखल, ओला दगड सगळं एकाच दिवसात मिळतं. विंचूकाट्यावर, म्हणजे लोहगडाच्या लांब निमुळत्या माचीवर, ढग असेल तर कडेला जाऊ नका. इथे बूट आणि पाय दोन्ही ठीक राहिले तर पुढे कोरीगड, तिकोना, आणि सप्टेंबरात पाऊस ओसरला की बारी गावातून कळसूबाई, १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, तेव्हा सगळीकडे पिवळी सोनकी फुललेली असते.

परत मळवलीला आलात की गाडी यायच्या आधी मोजे बदला. घरी पोचल्यावर बुटांमधली सुकतळी बाहेर काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन-तीन तासांनी बोळे बदला, आणि बूट पंख्याखाली सावलीत वाळवा, गॅसजवळ किंवा कडक उन्हात नको, गोंद सुटतो. पूर्ण वाळले तरी बॉक्समधे घालू नका, बाहेरच राहू देत, आणि पुढचा ट्रेक लांब असला तरी अधूनमधून घालून बाजारात जाऊन या.