फोटो काढताना लेन्स कॅप, मेमरी कार्ड, ट्रायपॉडची प्लेट अशा बारीकसारीक वस्तू हरवू नयेत म्हणून काय करावं?

महिन्याभरात दोन कॅप आणि एक कार्ड गेलं, असं तुम्ही लिहिलंय. कॅप नवीन घेता येते, भरलेलं कार्ड नाही. म्हणून आधी कार्डाचं सांगतो.

मी लग्नाचे फोटो काढतो. एका लग्नात लाजाहोमाच्या वेळी कार्ड भरलं. घाईत ते शर्टाच्या खिशात टाकलं आणि नवरीच्या ओंजळीतल्या लाह्या टिपायला खाली वाकलो. तासाभराने पाहतो तर खिसा रिकामा. तोवर मांडवातल्या सतरंज्या झटकायला सुरुवात झाली होती. झाडून काढलेल्या अक्षता आणि पाकळ्यांच्या ढिगात मी आणि नवरीचे मामा हात घालून शोधत होतो. अखेर ते मिळालं, वर हळदीच्या अक्षता चिकटलेलं. एसडी कार्ड म्हणजे जेमतेम ३२ बाय २४ मिलिमीटर, त्यात काळं. दिसणार कसं?

तेव्हापासून कार्ड स्लॉटमधून निघालं की थेट डबीत जातं. मधे टेबलावर नाही, तोंडात नाही, खिशात तर नाहीच. डबी भडक केशरी आहे आणि दोरीने पँटच्या लुपाला बांधलेली असते. कोरं कार्ड लेबल वर करून ठेवतो, भरलेलं उलटं, म्हणजे गडबडीत भरलेलंच फॉरमॅट होण्याची भीती नाही. आणि कार्ड उभ्या-उभ्या बदलत नाही. दोन मिनिटं कोपऱ्यात खुर्चीवर बसतो. खाली पडलंच तर मांडीवर पडतं.

लेन्स कॅप कायम डाव्या खिशात, आणि त्या खिशात दुसरं काहीही नाही. कॅपला बांधायची दोरी मिळते, पण मला ती आवडत नाही. वाऱ्यात कॅप लेन्सवर आपटते आणि व्हिडिओत टकटक ऐकू येते. कार्यक्रम चालू असताना मी कॅप लावतच नाही, हूड (लेन्सच्या तोंडावर बसणारं कडं) पुरतं. कॅप घेताना मधून चिमटीत धरायची घ्या, हूड असतानाही सहज निघते. बाहेरून रेडियमची छोटी पट्टी चिकटवा. अंधारात मोबाइलचा उजेड पडला की लगेच चमकते. आतल्या बाजूला फोन नंबर लिहा.

ट्रायपॉडची प्लेट, म्हणजे कॅमेऱ्याच्या तळाला स्क्रूने बसणारी पट्टी, काढून ठेवूच नका, कॅमेऱ्यालाच राहू द्या. मात्र तिचा स्क्रू हळूहळू ढिला होतो, तेव्हा निघण्याआधी नाण्याने आवळून घ्या. ते नाणं सुट्या बॅटरीच्या कप्प्यात ठेवू नका. धातू दोन्ही टोकांना टेकला तर शॉर्ट होतो. बॅटरीला तिचं प्लास्टिकचं झाकण हवंच.

हॉट शूचं, म्हणजे कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या फ्लॅश लावायच्या खाचेचं, कव्हर मी घरीच ठेवतो, पावसात काम असेल तेव्हाच लावतो. व्ह्यूफाइंडरचं (डोळा लावून बघायच्या खिडकीचं) रबर बॅगेतून कॅमेरा ओढताना निघतं, म्हणून कॅमेरा ठेवतानाच ते कापडात अडकणार नाही असं बघा.

अजून एक. कार्ड फॉरमॅट केलं की पहिला फोटो मी एका कागदाचा काढतो. त्यावर मोठ्या अक्षरात नाव, नंबर आणि ‘कृपया फोन करा’ एवढंच लिहिलेलं असतं. कार्ड कुणाला सापडलं आणि त्याने ते कॉम्प्युटरला लावलं, तर सगळ्यात आधी हाच फोटो दिसेल.