एक्स-रे चांगला आला, तरी खांदा का दुखतो?

प्रश्न : माझे वय ५२ वर्षे आहे. दिवाळीच्या सुमारास कापूस वेचणी चालू असताना उजवा खांदा दुखू लागला. आता अंबाडा घालता येत नाही, हात पाठीमागे जात नाही आणि रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. तालुक्याला काढलेला एक्स-रे चांगला आला. कोणी शीर दबली म्हणतात, कोणी एमआरआयसाठी नागपूरला जा म्हणतात. काय करावे?
– एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : एक्स-रेमध्ये हाडे दिसतात, स्नायू हाडाला जोडणारे स्नायुबंध आणि सांध्याभोवतीचे आवरण दिसत नाही. त्यामुळे तो चांगला आला म्हणून खांदा निर्दोष ठरत नाही. सांध्याची झीज असण्याची शक्यता मात्र बरीच कमी होते.

पुढची तपासणी बिनखर्चाची आहे आणि माझ्या मते ती एमआरआयच्या आधीच व्हायला हवी. कोपर बरगडीला टेकवून काटकोनात वाकवायचे आणि डॉक्टरांनी मनगट धरून हात हळूहळू बाहेरच्या बाजूला वळवून पाहायचा. तसाच तो वरही उचलून पाहायचा. स्वतःच्या बळाने न उठणारा हात दुसऱ्याने उचलल्यावर सहज वर जात असेल, तर दोष बहुधा स्नायुबंधांत असतो आणि तो पाहायला अनेकदा सोनोग्राफी पुरते. दुसऱ्याने वळवूनही हात गंजलेल्या बिजागरीसारखा मध्येच अडत असेल आणि एक्स-रे चांगला असेल, तर सांध्याचे आवरण आखडले आहे, म्हणजेच ‘फ्रोझन शोल्डर’ झाला आहे, असे समजतात. तुमच्या वर्णनावरून मला हीच शक्यता अधिक वाटते, पण हात तपासल्याशिवाय ते नक्की म्हणता येणार नाही.

मानेत शीर दबली असेल, तर दुखणे सहसा कोपराच्या खाली बोटांपर्यंत उतरते, मुंग्या येतात आणि मान वळवल्यावर ते वाढते. यातले काहीच तुम्ही लिहिलेले नाही.

फ्रोझन शोल्डर बहुधा ४० ते ६० या वयात, स्त्रियांमध्ये अधिक आणि मधुमेह असलेल्यांमध्ये तर विशेष आढळतो. काहींचा मधुमेह खांद्याच्या निमित्तानेच उघडकीस येतो. म्हणून रक्तातील साखर तपासून घ्यावी. उपाशीपोटी ती १२६ किंवा अधिक, अथवा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ६.५ टक्के किंवा अधिक आल्यास मधुमेह मानतात. लक्षणे नसतील तर तपासणी पुन्हा करून खात्री करतात.

ताप येणे, वजन घटणे किंवा हात स्थिर असतानाही सतत ठणका लागणे, असे काही असल्यास थांबू नये. क्षयरोगही सांध्यात होऊ शकतो. चालताना खांदा दुखून घाम फुटला किंवा धाप लागली, तर ते दुखणे हृदयाचे असू शकते, तेव्हा त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.

निदान पक्के झाल्यावर डॉक्टर खांद्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन सुचवू शकतील. त्याने काही दिवस साखर वाढते, म्हणून साखरेचा अहवाल त्याआधीच त्यांना दाखवावा.