पाचाचं ॲव्हरेज आणि बाकीचा खर्च

या वेळची बहुतेक पत्रं व्ही-८ (आठ सिलिंडरांच्या) इंजिनाच्या महागड्या एसयूव्हींबद्दल आहेत आणि त्यात पोर्शे कायेन टर्बो सर्वांत जास्त. म्हणून आकडेही तिचेच घेतले आहेत. पेट्रोलचा भाव सगळीकडे लीटरला १०४ रुपये धरला आहे. तुमच्या पंपावरचा भाव घालून हिशोब पुन्हा करा.

प्रश्न : माझी २०१९ची कायेन टर्बो पुणे शहरात पाचाच्या पुढे ॲव्हरेज देत नाही. अमेरिकेत म्हणे १७ देते आणि युरोपातला आकडा ११.९ आहे. गाडीत दोष आहे का? (पुणे)

दोष नाही, तुम्ही तीन वेगळी मापं एका तराजूत टाकली आहेत. अमेरिकेतले १७ म्हणजे एका गॅलनला १७ मैल. तिथलं गॅलन ३.७८५ लीटरचं असतं, म्हणून त्या आकड्याला ०.४२५ने गुणायचं : लीटरला ७.२ किलोमीटर. (ब्रिटनचं गॅलन ४.५४६ लीटरचं, तिथला आकडा असेल तर ०.३५४ने गुणा.) युरोपातले ११.९ म्हणजे १०० किलोमीटरला लागणारे लीटर. १०० भागिले ११.९ केलं की ८.४ येतात. तोही जुन्या, फार सौम्य चाचणीतला आकडा आहे.

आता तुमचे पाच कुठून येतात ते बघा. रिकामी गाडी २,१७५ किलोची आहे. दोन माणसं आणि थोडं सामान धरून २,३०० किलो. सिग्नलवरून निघून ६०चा वेग गाठायला साधारण ४० मिलिलीटर पेट्रोल निव्वळ हे वजन हलवण्यात जातं. पुढच्या सिग्नलला ब्रेक दाबला की ते डिस्क तापवून हवेत गेलं. असं २५ वेळा झालं की एक लीटर संपलं. शिवाय एसी लावून उभी असताना चार लीटरचं इंजिन तासाला दीड लीटरच्या आसपास पितं. स्पोर्ट मोडमध्ये गाडी खालचा गिअर धरून ठेवते. शहरात त्याचा उपयोग फक्त आवाजाला.

डॅशबोर्डवरचा आकडाही थोडा लाडिक असतो. खरं ॲव्हरेज काढायचं तर एकाच पंपावर, त्याच नोझलने, पहिल्या 'कट'पर्यंत टाकी भरा आणि ट्रिप मीटर शून्यावर आणा. किमान ४०० किलोमीटर चालवून पुन्हा पहिल्या कटपर्यंतच भरा. गेलेले किलोमीटर भागिले भरलेले लीटर. कटनंतर 'राउंड फिगर' करून घेतलीत तर मोजमाप बिघडलं. तीन टाक्यांची सरासरी धरा. एका टाकीवरून काही ठरवू नका.

प्रश्न : ई२० पेट्रोल आल्यापासून हायवेचं ॲव्हरेज ८ वरून ६.५ वर आलं. शंभर ऑक्टेनचं पेट्रोल भरू का? (छत्रपती संभाजीनगर)

ई१० म्हणजे दहा टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, ई२० म्हणजे वीस टक्के. एका लीटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांश ऊर्जा असते. त्यामुळे ई१० वरून ई२० वर आल्यावर घट साधारण साडेतीन टक्के होते, म्हणजे ८ चे ७.७. तुमची घट १९ टक्के आहे. उरलेली चोरी दुसऱ्याच कुणाची.

सगळ्यात आधी वेग आठवा. समृद्धीवर १०० ऐवजी १२०ने चालवलं तर हवेचा विरोध १.४४ पट होतो, आणि एसयूव्हीचं तोंड मोठं. वेग तोच असेल तर टायरची हवा गार असताना तपासा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीतल्या किंवा टाकीच्या झाकणावरच्या स्टिकरवर पुढचं-मागचं प्रेशर वेगवेगळं दिलेलं असतं. पंपावरचा पोरगा 'सगळीकडे ३५ मारू का?' म्हणाला तर नाही म्हणा. मग वीसेक किलोमीटर चालवून, शेवटचा थोडा रस्ता ब्रेक न लावता थांबा आणि चारही चाकांजवळ हात नेऊन बघा. एकाच चाकातून धग येत असेल तर तो ब्रेक घासतोय. शेवटी गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारा स्कॅनर लावा : कूलंटचं तापमान वाढतच नसेल तर थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडणारी झडप) उघडा अडकलाय, आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम (इंजिन नेहमीपेक्षा किती टक्के जास्त पेट्रोल सोडतंय तो आकडा) दहाच्या वर असेल तर हवेची गळती किंवा सेन्सर शोधा.

शंभर ऑक्टेनला जवळपास दीडपट पैसे पडतात आणि ॲव्हरेज दीडपट होत नाही. कंपनी ९८ ऑक्टेन सुचवते हे खरं, पण तेवढं नसेल तर नॉक सेन्सर इंजिनातली ठकठक ओळखतो आणि ठिणगी थोडी उशिरा पडते. ताकद थोडी कमी होते, इंजिन शाबूत राहतं. टाकीच्या झाकणाच्या आत ई१०पर्यंतचीच परवानगी लिहिली असेल, तर त्याबद्दल सर्व्हिस सेंटरकडून लेखी उत्तर घ्या. तोंडी आश्वासन वॉरंटीच्या वेळी कुणाला आठवत नाही.

प्रश्न : वर्षाला १२,००० किलोमीटर होतात. खर्च किती धरू? नवी घेऊ की सहा वर्षांची? (नाशिक)

पेट्रोल सोपं आहे. ५.५चं ॲव्हरेज धरलं तर २,१८२ लीटर, म्हणजे सव्वादोन लाखांच्या वर. किलोमीटरला १९ रुपये.

टायर लोक विसरतात. २१ इंची चाकांवर पुढे २८५/४० आणि मागे ३१५/३५ येतात, म्हणजे पुढचे मागे फिरवून आयुष्य वाढवण्याची सोय नाही. मागचे आतल्या कडेने आधी झिजतात आणि बाहेरून नवे दिसतात; गाडी लिफ्टवर घेऊन आतली कड हाताने चाचपायला सांगा. बाजूच्या भिंतीवर 'एन०' किंवा 'एन१' अशी पोर्शेची खूण असलेलेच टायर घ्या आणि एका एक्सलवर दोन्ही सारखे ठेवा. समजा चारांचा संच दोन लाखांना पडला आणि २५,००० किलोमीटर चालला, तर किलोमीटरला ८ रुपये झाले. पेट्रोलच्या जवळजवळ निम्मे!

गिअरबॉक्स झेडएफ या जर्मन कंपनीचा आठ गिअरांचा ऑटोमॅटिक आहे. 'याचं ऑइल लाइफटाइम असतं' असं काउंटरवर ऐकाल. खुद्द झेडएफ ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षं सांगते. फिल्टर प्लास्टिकच्या ऑइल पॅनमध्येच बसवलेला असतो, त्यामुळे पॅन अख्खा बदलावा लागतो. लेव्हल इंजिन चालू ठेवून, ऑइल ३० ते ५० अंशांवर असताना बघतात. थंड इंजिनवर 'भरून दिलं' म्हणणाऱ्याकडून गाडी परत घेऊन या.

आता खरा खर्च. विम्याच्या नेहमीच्या कोष्टकात तीन वर्षं उलटली की घसारा ४० टक्के. दीड कोटींच्या गाडीवर हे ६० लाख, वर्षाला २० लाख, तुमच्या वापराने किलोमीटरला १६७ रुपये. त्यापुढे पेट्रोलचे १९ कुठे बघता? सहा वर्षांच्या गाडीत हा भार पहिल्या मालकाने उचललेला असतो. मात्र गाडी निम्म्या किमतीत मिळाली तरी पार्ट निम्म्या किमतीत मिळत नाहीत.

म्हणून घेण्याआधी एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्यांवर गाडी तोलणारी यंत्रणा) तपासा. संध्याकाळी सपाट जागेवर उभी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची चारही बाजूंना टेपने मोजा, सकाळी पुन्हा मोजा. एक कोपरा खाली बसला असेल तर हवा गळतेय. ती भरून काढताना काँप्रेसर गरजेपेक्षा जास्त चालतो आणि शेवटी तोही जातो. एका गळतीची दोन बिलं.

प्रश्न : २००५ची कायेन टर्बो नव्या हॅचबॅकच्या भावात मिळतेय. घेऊ का? (कोल्हापूर)

हौस म्हणून घ्या, स्वस्त म्हणून नको. साडेचार लीटरचं इंजिन, कागदावरच १०० किलोमीटरला १५.७ लीटर, म्हणजे ६.४. टाकी १०० लीटरची : एकदा भरली की १०,४०० रुपये. या पिढीच्या व्ही-८मध्ये इनटेक मॅनिफोल्डखालून (इंजिनात हवा नेणाऱ्या भागाखालून) जाणारे कूलंटचे पाइप प्लास्टिकचे होते. ते उष्णतेने ठिसूळ होऊन तडकतात आणि पाणी इंजिनाच्या खोबणीत, स्टार्टरवर साचतं. ॲल्युमिनियमचे पाइप बसवलेत का, त्याचं बिल मागा. बिल नसेल तर ते काम किमतीतून वजा करा. वेग घेताना पायाखालून धडधड जाणवली तर प्रोपेलर शाफ्टच्या (मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याच्या) मधल्या बेअरिंगचं रबर गेलेलं असतं. १५ वर्षांनंतरचं नोंदणीचं नूतनीकरण आणि ग्रीन टॅक्सची पावतीही बघून घ्या.

प्रश्न : झिरो डेप विमा आहे. पावसात बंद पडली तर इंजिनाचे पैसे मिळतील ना? (ठाणे)

झिरो डेपमध्ये नाही. त्यात फक्त बदललेल्या पार्टच्या किमतीतून घसारा कापत नाहीत. इंजिन प्रोटेक्शन वेगळं घ्यावं लागतं. आणि ते घेतलं असलं तरी पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करू नका. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर फिरवला की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि 'पाण्यानंतर स्टार्ट केली' एवढ्यावरून क्लेम अडू शकतो. टो करून न्या. टो व्हॅन फ्लॅटबेडच (अख्खी गाडी पाठीवर घेणारी) मागवा.