कार्ड कुणाच्या नावावर?

प्रिय मुली,

परवा हळदीकुंकवाला तू कानाशी येऊन म्हणालीस, "मावशी, पोरगी झाल्यापासून एक पुस्तक धड वाचून झालं नाही. आणि घेतलंच हातात, तर चोरी केल्यासारखं वाटतं." हातात वाण, मागे बायका खोळंबलेल्या. मी हसून वेळ मारून नेली. घरी आल्यावर स्वतःचाच राग आला, म्हणून हे पत्र.

आधी एक सांग. वाचनालयाचं कार्ड कुणाच्या नावावर आहे? नवऱ्याच्या ना? वाटलंच मला.

२०१९च्या ऑगस्टात सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५. गावभागातल्या आमच्या घरात पुस्तकांच्या कपाटाचे खालचे तीन कप्पे बुडाले. पाणी ओसरल्यावर मी गच्चीवर पुस्तकं वाळत घातली. एकेक पुस्तक टम्म फुगलेलं, गाळाचा वास मारणारं. उलटता उलटता पहिली पानं बघत गेले. सासऱ्यांचं नाव. ह्यांचं नाव. मुलाचं नाव, इयत्ता, तुकडी. शाई ओघळली होती, तरी नावं लागत होती. माझं नाव दोनच पुस्तकांवर. त्यातलं एक लग्नात आलेलं पाककृतींचं. आणि घरात सगळ्यांत जास्त वाचणारी कोण, तर मी!

एकोणीस वर्षं मी ह्यांच्या कार्डावर वाचलं. ह्यांनी कधी अडवलं नाही, हे आधीच लिहिते, नाहीतर रुसून बसतील. ऑफिसातून येताना पुस्तक बदलून आणायचे, येईल ते मी वाचायची. ऐतिहासिक कादंबऱ्या! एक लढाई संपली की दुसरी. तुला काय आवडतं, असं कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मला सांगता आलं नसतं, हे त्याहून वाईट. बावन्नाव्या वर्षी स्वतःची अनामत भरली. फार उशीर केला.

म्हणून म्हणते, कार्ड तुझ्या नावावर काढ. म्हातारी एका पुठ्ठ्याच्या तुकड्याला धरून बसलीय असं वाटेल तुला. बसलेय. कार्ड तुझं असलं की पुस्तक परत करायची तारीख तुझी, दंड तुझा, आणि त्यासाठी घराबाहेर पडणंही तुझंच. "जरा वाचत बसते" म्हटलं की घरातल्या सगळ्यांना काहीतरी हवं असतं. "पुस्तक बदलून येते, आज शेवटची तारीख आहे" म्हटलं की कुणी काही बोलत नाही. करून बघ.

काय वाचू, असंही विचारलंस, आणि त्याच दमात मूल वाढवण्यावरची चार पुस्तकं मोजून दाखवलीस. ती तापाच्या औषधाशेजारी ठेव. मी त्यांना वाचन म्हणत नाही. वाचनालयात गेलीस की कपाटांकडे धावू नकोस. काउंटरवर परत आलेल्या पुस्तकांचा ढीग असतो, तो उपस. कुणीतरी नुकतंच वाचून आणलेलं असतं, कोपरे दुमडलेले असतात. मला माझी बरीचशी आवडती पुस्तकं त्या ढिगात सापडली. नाहीतर जुने दिवाळी अंक माग. १९०९ पासून ही परंपरा चालू आहे, माल संपायचा नाही. मूल झोपलंय तेवढ्यात एक कथा होते. कथा आवडली की त्या लेखकाचं पुस्तक शोधायचं. तीस पानांत नाही रुचलं, तर परत. कार्ड तुझं आहे, कुणाला विचारायचंय?

कधी पाचगणीकडे गेलीस तर भिलारला उतर. पुस्तकांचं गाव. एकेका घरात एकेका प्रकारची पुस्तकं, कुठेही बसून वाचावं. मी गेले तेव्हा ह्यांना स्ट्रॉबेरीची घाई होती. तू एकटी जा.

रमाबाई रानडे आपल्याच जिल्ह्यातल्या, देवराष्ट्र्याच्या. लग्न झालं तेव्हा अक्षरओळख नव्हती. नवऱ्याने शिकवायला घेतलं तर घरातल्या बायकांनी टोमण्यांनी जीव नकोसा केला. १९१० साली त्यांच्या आठवणी छापून आल्या, त्यांचं नाव 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी'. आमच्या! त्यांच्या काळात ते शोभलं. तुझ्या कार्डावर 'आमचं' चालणार नाही.

माझी मुलगी तुला बसची गोष्ट सांगेलच. मिरजेच्या बसमध्ये मी वाचत राहिले, शाळेचा थांबा मागे गेला, ती फाटकापाशी चाळीस मिनिटं उभी. जत्रेत हरवल्यासारखी रंगवून सांगते. ती रडत नव्हती, पेरू खात होती. पेरूवालीने उधार दिला होता. आणि एकदाच झालं ते. बँकेत रांग होती म्हणून मला उशीर झाला असता, तर ती गोष्ट कुणी पंचवीस वर्षं सांगितली असती का?

असो. शनिवारी पाचला मी वाचनालयात असते. आधारची झेरॉक्स, दोन फोटो आणि अनामतीचे पैसे घेऊन ये. पोरीलाही आण, मी तिला सांभाळते, तू ढीग उपस. पुस्तक मी निवडून देणार नाही, गळ घालू नकोस. अर्ज स्वतःच्या हाताने भर, आणि बॉलपेन आण. पुरानंतर शाईवर माझा विश्वास राहिलेला नाही.

तुझी,
मावशी