तळाशी साखर बसलेला मध

(सातेरी जातीच्या मधमाश्यांच्या पेट्या सांभाळणाऱ्या आमच्या मावशींकडे यंदा मधाचीच पत्रं जास्त आली. त्यांतली तीन.)

महाबळेश्वरहून आणलेल्या मधाच्या बरणीत थंडीत तळाशी पांढरी साखर बसली आहे. शेजारच्या काकूंनी पाण्यात थेंब टाकून पाहिला, तो सरळ खाली गेला, म्हणजे अस्सल. आमचे हे मात्र म्हणतात, पाक मिसळून फसवलंय. बरणी टाकून देऊ का? – एक वाचक, ठाणे

अहो ताई, टाकताय कशाला! मध थिजतो, हा त्याचा स्वभाव आहे. मधात मुख्यतः दोन साखरा असतात, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. ग्लुकोजला पाण्यात राहायचा कंटाळा. गारवा मिळाला आणि एखादा परागकण धरायला सापडला की ते दाण्यादाण्यानं खाली बसतं. ज्या फुलाच्या मधात ग्लुकोज जास्त, तो आधी थिजतो. मोहरीचा मध तर बघता बघता तुपासारखा रवाळ होतो, सूर्यफुलाचाही लवकर बसतो. फ्रिजमध्ये ठेवलात तर ही वेळ आणखी लवकर येईल. मधाची जागा फडताळातच, झाकण घट्ट लावून.

पातळ करायचा असेल तर गॅसवर पातेल्यात ओतू नका, मायक्रोवेव्हही नको. हाताला सोसेल इतक्या कोमट पाण्यात बरणी उभी करा, पाणी निवलं की बदला. तास-दोन तास लागतील, लागू द्या. जास्त तापवला की रंग काळवंडतो आणि फुलाचा वास आधी जातो. मग उरते नुसती गोडी, तिला साखर काय वाईट? मी तर थिजलेलाच भाकरीला लावते, ओघळत नाही.

आता तुमच्या ह्यांच्या शंकेचं. ते चुकलेत असं मी छातीठोक म्हणणार नाही, कारण बरणीकडे पाहून ते कळतच नाही. पाण्यातला थेंब, काडीला लावून पेटवणं, टीपकागद, कुत्र्यासमोर ठेवणं हे सगळे मनाचे खेळ. दाट पाकाचा थेंबही पाण्यात तस्साच तळाला जातो. भेसळ करणारा तुमच्या काकूंपेक्षा हुशार असतो हो! 2020 साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेनं बाजारातल्या 13 ब्रँडचे मध तपासले, तेव्हा सगळ्या कसोट्यांना जेमतेम तीन उतरले. बाकीच्यांतले बरेचसे आपल्याकडच्या नेहमीच्या चाचण्या पास झालेले होते, अडकले ते परदेशातल्या प्रयोगशाळेत. तिथं घरच्या काडेपेटीचा काय पाड!

मग घ्यायचा कसा? विकणाऱ्याला दोन प्रश्न विचारा: कुठल्या फुलाचा, आणि कधी काढलेला? पेट्या ठेवणारा माणूस पटकन सांगतो. जांभळाचा असेल तर रंग गडद आणि जिभेवर मागून किंचित तुरटपणा येणार. हिरड्याचा वेगळा, गेळ्याचा वेगळा. कारवीचा म्हणून दरवर्षी ढिगानं विकणारा दिसला की मी दोन पावलं मागे सरते. कारवीचं झुडूप एका डोंगरावर सात वर्षांनी फुलतं. दुसऱ्या डोंगराचं साल वेगळं असू शकतं, हे खरं. पण दरसाल, त्याच दुकानात, त्याच रंगाचा? जमलं तर मांघरला जाऊन या. महाबळेश्वरजवळचं हे गाव 2022 साली ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं, पेट्या डोळ्यांनी बघता येतात.

आणखी एक पाहा. पेटीत पोळ्याच्या चौकटीतल्या घरांवर मधमाश्यांनी मेणाचं पांढरं झाकण घातलं की मध पिकला. फुलातला रस पाण्यासारखा पातळ असतो, पंखांनी वारा घालून घालून त्या तो आटवतात. अन्नाचे नियम ठरवणाऱ्या एफएसएसएआय या सरकारी संस्थेची मर्यादा मधात जास्तीत जास्त 20 टक्के पाण्याची. आपल्याकडे घाईनं, झाकण धरायच्या आतच मध काढणारे आहेत, तो बरणीत फसफसतो आणि आंबूस वास मारतो. तुमच्या बरणीला तसा वास नसेल तर खुशाल खा.

वडिलांना मधुमेह आहे. चहात साखर बंद केली, पण ते मध घालून पितात. म्हणतात, मध नैसर्गिक, त्याला मनाई नाही. – एक वाचक, नाशिक

दादा, रोगाच्या नावातच मध बसलाय, तरी वडील ऐकत नाहीत! लघवी गोड होते हे जुन्या वैद्यांच्या लक्षात आलं, त्यावरून ते नाव. डॉक्टर लिहितात त्या ‘डायबेटिस मेलिटस’मधला मेलिटसही मधाचाच. तरी मधानं रोग होतो असा त्याचा अर्थ नव्हे, पण मधात साखरा सुमारे 80 टक्के असतात आणि त्या रक्तात जातातच. फार तर मध जरा जास्त गोड लागतो म्हणून चमचा लहान पुरतो. वडील मात्र ‘नैसर्गिक’ म्हणून दोन मोठे चमचे घालत असणार, माझी पैज! जे काही घालतील ते साखरेच्या हिशेबात धरा आणि किती चालेल ते त्यांच्या डॉक्टरांना विचारा. उकळत्या चहात तर मधाचा वासही उरत नाही, पैसे वाया.

घरात नातू झाला. आमच्यात सोन्याच्या वळ्यानं मध चाटवायची रीत आहे. सूनबाई डॉक्टरांचं नाव सांगून अडवते. मी काय विष देतेय का? – एक आजी, सांगली

आजी, सूनबाईचं ऐका. मधात कधीकधी बोट्युलिझम या आजाराच्या जंतूंचे बीजाणू, म्हणजे त्यांची झोपलेली बीजं, असतात. आपल्या पोटात ते रुजत नाहीत, पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करू शकतात. सुरुवातीला नुसता शौचास खडा होतो, मग बाळ ढिलं पडतं, दूध ओढत नाही, रडणंही बारीक होतं. असं क्वचितच होतं, पण झालं तर दवाखाना गाठावाच लागतो. मध शिजवून दिला तरी ते बीजाणू घरच्या उकळीनं मरत नाहीत, म्हणून ‘थोडासा उकळून’ही नको.

रीत मोडायची नसेल तर वळं स्वच्छ धुऊन बाळाच्या कपाळाला लावा आणि मध सूनबाईला चाटवा. आईनं खाल्लेला मध दुधातून बाळाला बाधत नाही.