अवकाळी पावसानंतर पाण्यावर तोंड काढणारा मासा भुकेला नसतो

आपण विचारले आहे की, नोकरीनिमित्त परभणीला आल्यापासून चैत्र-वैशाखातला जोराचा पाऊस दोनदा पाहिला. अशा पावसानंतर इथल्या तलाव-धरणांत गळ टाकण्याजोगी परिस्थिती असते का, आणि मे महिन्यात कोकणात गेल्यावर खाडीत आणि समुद्रात काय अपेक्षा ठेवावी. पुढे आपण असेही लिहिले आहे की, पावसाच्या दुसऱ्या सकाळी मासे पाण्यावर तोंड काढतात, म्हणजे ते खायला वर आलेले असतात, असे आपल्याला कोणीतरी सांगितले. हे शेवटचे वाक्य वाचले आणि उत्तर लिहिल्यावाचून राहवले नाही. ते साफ चूक आहे, आणि या एका चुकीने आमच्या दोन घरांतले बोलणे बंद झाले आहे.

आमचे गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरात. गावाच्या वरच्या अंगाला एक पाझर तलाव आहे. आमच्या आण्णांनी, म्हणजे वडिलांनी, त्याचा ठेका घेऊन त्यात रोहू, कटला आणि मृगळ यांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, सोडली होती. पुढच्या वैशाखापर्यंत मासा किलोच्या पुढे गेला आणि तलाव आटून तिसऱ्या हिश्शावर आला. आठ दिवसांनी जाळे ओढायचे ठरले होते. त्या आठवड्यात ऊन इतके कडक होते की दुपारी काठावरचे पाणी हाताला कोमट लागत असे. मग एका रात्री वारा सुटला, विजा झाल्या, हरभऱ्याएवढ्या गारा पडल्या आणि दीड तास पाऊस कोसळला.

पहाटे आण्णांबरोबर मी बांधावर गेलो, तेव्हा तलावभर माशांची तोंडे वर आलेली होती. हजारो तोंडे एका लयीत उघडत-मिटत होती आणि त्याचा बारीक, चुळुक चुळुक असा आवाज काठापर्यंत येत होता. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. ‘आण्णा, मासा खायला वर आलाय,’ असे मीच आनंदाने ओरडलो आणि गळ आणायला घराकडे पळालो. परत आलो तेव्हा कटला उलटू लागला होता. सर्वांत मोठे मासे सर्वांत आधी गेले. दुपारपर्यंत तलाव पांढरा झाला आणि पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास सुटला.

तलावाच्या वर तात्यांचे, म्हणजे माझ्या सख्ख्या चुलत्यांचे, टरबुजाचे रान होते आणि त्यांनी दोनच दिवसांपूर्वी फवारणी केली होती. आण्णांनी तो वास औषधाचा ठरवला आणि भरल्या चावडीसमोर ‘तात्यानं तलावात औषध सोडलं’ असे बोलून गेले. तेव्हापासून दोन्ही घरांत जाणे-येणे नाही. माझ्या बहिणीच्या लग्नाला तात्या आले, अक्षता टाकल्या आणि न जेवता निघून गेले.

पुढे मत्स्यशेतीच्या एका प्रशिक्षणाला गेलो तेव्हा मला त्या सकाळचा उलगडा झाला. पाणी जितके तापते तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी राहतो. 20 अंशांना लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम मावतो, तर 30 अंशांना साडेसातच्या आसपास. शिवाय वरचे पाणी गरम व हलके आणि तळाचे थंड व जड, असे दोन थर पडतात आणि तळाच्या थरात कुजणारा पाला व शेण तिथला प्राणवायू खाऊन टाकतात. त्यावर गारांचे थंडगार पाणी पडले आणि वाऱ्याने तलाव ढवळला की वरचा थर खाली जातो आणि तळाचे निःसत्त्व, वासाचे पाणी वर येते. त्यातच ओढ्याने वाहून आणलेली लेंडी-काडी कुजायला लागते. रात्री पाणवनस्पती प्राणवायू तयार करीत नाहीत, उलट वापरतात, म्हणून पहाट ही सर्वांत वाईट वेळ असते. रोहू-कटल्याला लिटरमागे 5 मिलिग्रॅम तरी हवा असतो. तो फारच घटला की मासा पृष्ठभागावरचा पातळ थर पिऊन जगू पाहतो. तो श्वासासाठी तडफडत असतो, अन्नासाठी नव्हे.

आता विष का नव्हे, तेही सांगतो, कारण आण्णा हे अजून मान्य करीत नाहीत. त्या दिवशी काठाच्या उथळ पाण्यावर निवळ्या, म्हणजे पाण्यावर पळणारे बारके किडे, नेहमीसारख्या फिरत होत्या. कीटकनाशक उतरले असते तर सर्वांत आधी त्या मेल्या असत्या. मृत माशांमध्ये एकही मरळ नव्हती. मी स्वतः एक मरळ हाताने धरायला गेलो, तर ती शेपटीचा फटका मारून गाळात शिरली. मरळीच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवेतून श्वास घेण्याचे कप्पे असतात, म्हणून प्राणवायू संपलेल्या पाण्यातही ती तग धरते. विषाच्या पाण्यात हा कप्पा तिला वाचवीत नाही. मोठे मासे आधी जाणे, काठाची बारीक मासळी मागे राहणे आणि सगळे पहाटे घडणे, या तिन्ही खुणा गुदमरण्याच्या आहेत. सर्वांत जास्त सल हा आहे की, तात्यांचे ऑइल इंजिन दोन बांध पलीकडे होते. ते वेळेत लावून तलावाचेच पाणी उंचावरून परत तलावात फवारले असते, तर पाण्यात हवा मिसळून निदान निम्मा मासा वाचला असता.

आपल्या प्रश्नाकडे वळतो. पावसाच्या दुसऱ्या दिवशी लहान तलावावर जाऊ नका. मासा त्या दिवशी आमिषाला तोंड लावीत नाही. डोंगराकडच्या मुरमाड पाणलोटात पाणी तिसऱ्या-चौथ्या दिवशी निवळते. गोदाकाठच्या काळ्या मातीचा गढूळपणा मात्र बरेच दिवस टिकतो, कारण ती चिकणमाती लवकर तळाला बसत नाही. जायकवाडी किंवा सिंदफणेवरचे माजलगाव यांसारख्या मोठ्या जलाशयांत वैशाखातला एखादा पाऊस फार फरक करीत नाही, पण ओढा जिथे धरणाला मिळतो तिथे गढूळ आणि नितळ पाण्याची कड स्पष्ट दिसते, आणि मासा त्या कडेने फिरतो. गढूळ पाण्यात त्याला दिसत नाही, वास मात्र कळतो. म्हणून चमकणारी कृत्रिम आमिषे घरी ठेवा आणि गांडूळ किंवा शेंगदाण्याची पेंड मळलेली कणीक लावा. आमच्याकडे तंगूसाला, म्हणजे गळाच्या नायलॉनच्या दोरीला, तरंगा म्हणून ज्वारीच्या धांड्याचा तुकडा बांधतात. तो पुरेसा आहे.

कोकणातल्या खाडीचा अनुभव मला तीन उन्हाळ्यांचा आहे. पावसाचे गोडे पाणी हलके असल्यामुळे खाऱ्या पाण्यावर तरंगते. त्यामुळे खाडीत आमिष खोल सोडावे आणि भरती चढत असताना बसावे, कारण तेव्हा खारे पाणी आत येते. जिताडा, बोई आणि तांबोशी यांना कमी खारटपणा चालतो, म्हणून पावसानंतर खाडीत मुख्यतः तेच मिळतात. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला प्रवाह जोरात असतो, अष्टमीच्या आसपासच्या भांगात, म्हणजे लहान भरती-ओहोटीत, मंद. उघड्या समुद्रावर पावसाळी वाऱ्यात खडकावर उभे राहू नये. 2025 साली मोसमी पाऊस 26 मे रोजीच मुंबईत पोहोचला होता, तेव्हा मे महिना कोरडाच असतो असे धरून चालू नका. यांत्रिक नौकांना 1 जून ते 31 जुलै बंदी असते, तीही लक्षात असू द्या.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. मराठवाड्यातला अवकाळी पाऊस विजांसह येतो, दरवर्षी माणसे आणि जनावरे दगावतात, आणि कार्बनच्या काठीतून वीज वाहते. पश्चिमेला ढग दिसला की काठी आवरून घराकडे निघावे. बहुतेक तलावांचा ठेका कोणाचा तरी असतो, जायकवाडी तर पक्षी अभयारण्य आहे. म्हणून आधी परवानगी घ्यावी. आणि पहाटे एखाद्या तलावात सगळा मासा तोंड काढून दिसला, तर गळ गुंडाळून ठेकेदाराला उठवा आणि शेजारच्या रानात ज्याचे इंजिन असेल त्यालाही हाक मारा, मग त्या दोघांचे आपसांत बोलणे असो वा नसो.