पेट्रोलवर चालणाऱ्या रिमोट कारचा क्लच कसा जुळवावा? थ्रॉटल न देताही गाडी सरकते आणि चढावर क्लच घसरतो.

"दुकानदार म्हणतो, घसरत असेल तर कडक स्प्रिंग टाका," हे तुम्ही प्रश्नाच्या शेवटी सहज लिहिलेले वाक्य वाचून मी उत्तर लिहायला बसले आहे. हा सल्ला चुकीचा आहे, आणि तो मी आमच्या काकांच्या तोंडून गेली सहा वर्षे ऐकत आले आहे.

तुमची गाडी एक-पंचमांश मापाची आणि इंजिन २६ सीसीच्या आसपासचे टू-स्ट्रोक आहे असे मी धरते, कारण माझीही तशीच आहे. काकांचे मिरजेत गॅरेज होते आणि त्यांची निम्मी हयात लुना दुरुस्त करण्यात गेली. १९७२ साली बाजारात आलेल्या त्या लुनातही सेंट्रिफ्यूगल, म्हणजे फिरण्याच्या जोराने आपोआप पकडणारा, क्लचच होता, त्यामुळे या विषयावर आमच्या घरात दुसऱ्या कोणी तोंड उघडायची सोय नव्हती.

एका रविवारी ऊस तोडून गेलेल्या रानात, बुडख्यांवरून जाताना, माझ्या गाडीचा क्लच किंचित घसरू लागला. शू, म्हणजे फिरताना बाहेर फाकणारे क्लचचे अस्तर लावलेले तुकडे, नेमके कधी उघडतात ते डोळ्यांनीच पाहू, असे म्हणून काकांनी क्लचची बेल, म्हणजे शू ज्या वाटीला आतून पकडतात ती, उतरवली आणि इंजिन पूर्ण रेस केले. उघडणाऱ्या शूंना अडवणारी एकमेव वस्तू म्हणजे बेल; ती नसल्यामुळे दोन्ही शू मर्यादेबाहेर फाकले आणि त्यांना जोडणारी स्प्रिंग जी ताणली गेली, ती पुन्हा मूळ लांबीवर आली नाही. बेल बसवल्यावर गाडी आयडलवरच, म्हणजे थ्रॉटल न देता इंजिन ज्या वेगाने फिरत राहते त्या वेगालाच, सरकू लागली. स्प्रिंग जुनी झाली, असे काकांचे निदान होते. सकाळपर्यंत ती जुनी नव्हती, हे मी बोलून दाखवले आणि घरात दोन दिवस अबोला झाला.

मग त्यांच्या आग्रहाने ८००० आरपीएमची, म्हणजे इंजिन मिनिटाला ८००० फेरे घेऊ लागल्यावरच क्लच पकडू देणारी, कडक स्प्रिंग आली. सरकणे थांबले, हे खरे. पण त्याच रानात दहा मिनिटांत जळका वास सुटला, बेल निळी पडली आणि शूंचे अस्तर काचेसारखे गुळगुळीत झाले. काकांनी इंजिनच मिळमिळीत ठरवले.

दोष इंजिनाचा नव्हता. स्प्रिंग शूंना बेलवर दाबत नाही, ती त्यांना आत ओढते. बेलवर दाबतो तो फिरण्यातून येणारा जोर, आणि तो आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. शू तेच ठेवले आणि आरपीएम हजारांत मोजले, तर १०,००० आरपीएमला हा जोर १०० धरता येतो. ६००० ला पकडणारी स्प्रिंग त्यातले ३६ खाते आणि पकडीला ६४ उरतात. ८००० ला पकडणारी स्प्रिंग ६४ खाते आणि ३६च उरतात. म्हणजे कडक स्प्रिंगने त्याच वेगाला पकड जवळजवळ निम्मी होते. मी हे एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर मांडून काकांना दाखवले, तेव्हा ते म्हणाले, "तुझं गणित वहीत ठेव, पोरी. स्प्रिंगला गणित येत नाही."

तुमच्या गाडीपुरते सांगायचे, तर आधी आयडल उतरवा आणि न्यूट्रलला ब्रेक किंचित लागतो का ते पाहा. तरीही गाडी सरकत असेल तर स्प्रिंग बहुधा ताणलेली किंवा तडकलेली आहे.  स्प्रिंग बदलावी लागली तर मूळ आरपीएमचीच घ्या. घसरण्यासाठी अस्तरावर तेल आले आहे का ते तपासा, बेल आतून ब्रेक क्लीनरने पुसा आणि १८० नंबरच्या पॉलिश पेपरने तिची चकाकी मोडा. शूंवर मार्करने रेघा ओढून गाडी पाच मिनिटे चालवा; रेघा फक्त एका कोपऱ्यात पुसल्या गेल्या असतील तर शू पूर्ण टेकतच नाहीत, आणि मग कोणतीही स्प्रिंग उपयोगाची नाही.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की कडक स्प्रिंग सर्वस्वी निरुपयोगी नाही. गाडी हलकी असेल, जमीन टणक असेल आणि इंजिनाचा जोर वरच्या आरपीएमला येत असेल, तर क्लच उशिरा पकडल्याने गाडी जागेवरून झेप घेते, आणि सपाट सिमेंटवर माझी गाडीही तशी पळाली. आयडल आधी उतरव, हेही मुळात काकांचेच म्हणणे होते. आरपीएम मोजताना मीटर टू-स्ट्रोकवर लावा, कारण फोर-स्ट्रोकवर राहिला तर आकडा दुप्पट दिसतो. आणि बेल काढून इंजिन कधीही रेस करू नका. आमची फक्त स्प्रिंग गेली, पण तुटलेला शू अंगावर येऊ शकतो.

दुकानदाराला वरची आकडेमोड दाखवा आणि तो काय म्हणतो ते इथे जरूर लिहा. येत्या दिवाळीत काका घरी येणार आहेत आणि माझ्या बाजूने अजून एकही साक्षीदार नाही.